नाव कळून काय करायचं?

पत्र थोडक्यात असं : वाचक सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात, वय 29. नवरा साखर कारखान्यात पाळीवर कामाला. लग्न नात्यातलं, नवरा आत्याचा मुलगा, म्हणजे सासूबाई ह्याच सख्ख्या आत्या. मुलगी तीन वर्षांची, तिला आपण चिमी म्हणू. सव्वा वर्षाची होईतो ती 'आई', 'बाबा', 'भू' म्हणायची, ताटलीतले चुरमुरे एकेक वेचून खायची. मग शब्द गेले, चुरमुरे उचलणं गेलं. आता ती साबण लावल्यासारखे हात सारखे एकमेकांवर चोळते, दात करकर वाजवते, धरलं तर चार पावलं टाकते. आधी 'काही मुलं उशिरा बोलतात' असं ऐकवलं गेलं, मग 'ऑटिझम'. एमआरआय नॉर्मल आला. पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांना रेट सिंड्रोमची शंका आहे आणि त्यांनी जनुकीय तपासणी सांगितली आहे, खर्च 35,000 रुपये. सासूबाई म्हणतात, 'नाव कळून काय करायचं? औषध आहे का त्यावर? आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं.' नवरा म्हणतो, तेवढ्या पैशांत वर्षभराची फिजिओथेरपी होईल. शिवाय घरातून दुसऱ्या मुलासाठी आग्रह चालू आहे. वाचक विचारतात, 'मी हट्ट करतेय का?' पत्राच्या तळाशी एक ओळ खोडून पुन्हा लिहिली आहे : 'नात्यात लग्न केलं म्हणून झालं का हे?'

तुला 'तू' म्हणते. माझी धाकटी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. लहान मुलांच्या मेंदूविकारांच्या ओपीडीबाहेर समुपदेशक म्हणून बावीस वर्षं बसले, त्या खुर्चीतून दिसलं तेवढंच माझं भांडवल. पत्रावरून चिमीचं निदान मला करता येणार नाही, आणि कुणी फोटो बघून करत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

खोडलेल्या ओळीकडे येते, पण आधी आत्याबाईंचा प्रश्न. तुला तो टोमणा वाटला. असेलही. पण प्रश्न रास्त आहे आणि त्याला खरंखुरं उत्तर द्यायला हवं.

शिकलेलं हरवत जाणाऱ्या मुलांत काही आजार असे निघतात की नाव कळलं की औषध समोर असतं, कधी कधी तर अगदी स्वस्तातलं. आपल्याकडचं ठळक उदाहरण बी12चं. आई शाकाहारी, दूधदुभतंही बेताचं, आणि बाळ दहा-अकरा महिन्यांचं होईपर्यंत नुसतं अंगावर पिणारं. असं बाळ सुस्तावतं, हसायचं थांबतं, केस विरळ आणि भुरे होतात, हातपाय थरथरतात. असंच एक बाळ 'मतिमंद' हा शिक्का घेऊन आमच्याकडे आलं होतं. इंजेक्शनं सुरू झाली आणि दोन आठवड्यांनी ते आजोबांकडे बघून हसलं. आजोबा ओपीडीतच रडायला लागले. बायोटिनिडेज या विकराची (एन्झाइमची) कमतरता असेल तर बायोटिन हे जीवनसत्त्व जन्मभर द्यायचं, आणि वेळेत सुरू झालं तर मूल सावरतं. ग्लूट-1च्या आजारात रक्तातली साखर मेंदूत पुरेशी पोचतच नाही. तिथे झटक्यांच्या औषधांपेक्षा भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्ट असा कीटोजेनिक आहार कामाला येतो. ड्रॅव्हे सिंड्रोम या झटक्यांच्या आजारात तर झटक्यांवर सर्रास दिलं जाणारं कार्बामॅझेपिनच झटके वाढवतं. तिथे नाव कळणं म्हणजे एक गोळी बंद होणं.

चिमीला यातलंच काही असेल असं मी सुचवत नाही. पण बी12, थायरॉइड, बायोटिनिडेज आणि कानांची तपासणी, एवढं फाइलमध्ये आहे का ते आज रात्री बघ. नसेल तर 35,000 भरण्याआधी डॉक्टरांना त्याबद्दल विचार.

आता रेट. 1954 साली व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ आंद्रेआस रेट यांनी आपल्या दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात दोन आयांच्या मांडीवर बसलेल्या दोन मुली पाहिल्या. दोघी अगदी एकसारखे हात चोळत होत्या, हात धुतल्यासारखे. तू लिहिलंस तसे. त्यांनी 1966 साली या आजाराचं वर्णन छापलं, जगाने त्याकडे लक्ष दिलं ते 1983 नंतर, आणि त्यामागचं जनुक सापडलं 1999 साली, अमेरिकेत हुडा झोगबी यांच्या प्रयोगशाळेत. दहा-पंधरा हजार मुलींमागे एकीला हा आजार असतो. पहिलं वर्ष-दीड वर्ष बरं जातं, मग हात आणि शब्द हरवतात, एमआरआय बहुधा नॉर्मल येतो. मुलींना आधी ऑटिझमचा शिक्का बसणं नेहमीचंच, तेव्हा तुझे आधीचे डॉक्टर अडाणी होते असं मनात धरू नकोस.

बरं करणारं औषध नाही, इथे आत्याबाई बरोबर आहेत. 2023 साली अमेरिकेत ट्रोफिनेटाइड या औषधाला मान्यता मिळाली. काही लक्षणं ते थोडी हलकी करतं, जुलाबाचा त्रास बऱ्याच जणींना होतो, किंमत आपल्या कल्पनेपलीकडची. जनुकीय उपचारांच्या चाचण्या चालू आहेत. त्यांच्या भरवशावर तपासणी कर, असं मी तुला सांगणार नाही.

मग नाव कशाला? मी म्हणेन, एका ईसीजीसाठीसुद्धा. रेटच्या काही मुलींत ईसीजीवरचं क्यूटी नावाचं अंतर लांबलेलं असतं. अशा मुलीला सर्दी-ताप-उलटीत सहज लिहून दिली जाणारी काही अँटिबायोटिक्स आणि उलटीची काही औषधं हृदयाला धोक्याची ठरू शकतात. तुमच्या गावच्या डॉक्टरांना हे ठाऊक असण्याचं कारण नाही, पण फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं तर ते वाचतील. या मुलींचा कणा वाकत जातो, तो दर सहा महिन्यांनी बघावा लागतो. सातवी-आठवीच्या वयात एकदम लक्षात आला तर फार उशीर झालेला असतो. हाडं ठिसूळ असतात. श्वास रोखून धरणं, टक लावून बघत राहणं हे दर वेळी झटकेच असतात असं नाही. आजाराचं नाव माहीत असलेला डॉक्टर व्हिडिओ ईईजी, म्हणजे चित्रीकरणासोबत मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, काढून बघतो, नाहीतर झटक्यांच्या गोळ्या नुसत्या वाढत जातात आणि मूल दिवसभर पेंगत राहतं. हे सगळं 'नाव कळून' करायचं असतं.

आता ती ओळ.

तुला आणि तुझ्या नवऱ्याला एक आजी-आजोबा सामाईक. तुझे आजोबा तेच त्याचे आजोबा. म्हणून तुमच्या जनुकांचा साधारण आठवा हिस्सा सारखा असतो. एखादं बिघडलेलं जनुक त्या आजोबांकडून दोघांकडे आलं असेल, तर दर बाळंतपणात चारातली एक शक्यता की बाळाला दोन्हीकडून बिघडलेलीच प्रत मिळेल. मेंदूचे पुष्कळ दुर्मीळ आजार याच वाटेने येतात, हे खरं. तरी गावात सांगतात तेवढा हिशेब भयंकर नाही. कुठल्याही जोडप्याच्या बाळात जन्मजात मोठा दोष निघण्याची शक्यता शंभरात तीनाच्या आसपास असते. मामे-आते भावंडांच्या लग्नात ती पाच-सहापर्यंत जाते.

रेट मात्र या वाटेने येतच नाही. त्याचं एमईसीपी2 हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि त्यातला बिघाड जवळजवळ नेहमी त्या बाळातच नव्याने घडलेला असतो, आईवडिलांच्या रक्तात सापडत नाही. तू परक्या घरात दिली गेली असतीस तरी या शक्यतेत काही फरक पडला नसता. (हा बिघाड बहुतेकदा वडिलांकडच्या बीजपेशीत होतो. कंसात लिहिलंय ते भांडणात वापरू नकोस म्हणून. त्यात त्याचा हात काहीच नसतो.)

म्हणजे चिमीला खरंच रेट असेल, तर तुमच्या घरात सगळे मनातल्या मनात ज्याला दोष देत आहेत, ते लग्न निर्दोष आहे. आणि तपासणी केलीच नाही, तर बिनपुराव्याचा तो आरोप घरात जन्मभर राहील.

इथे मला आत्याबाईंबद्दल एक गोष्ट सुचवायची आहे. चुकत असेन तर सोडून दे. 'आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं' म्हणतात त्या. कुठलं घराणं? तुझं माहेर तेच त्यांचं माहेर. दोष तुझ्या माहेरावर ढकलला तरी फिरून त्यांच्याच दारात येतो, आणि हे त्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही. भावाची लेक सून करून आणण्याचा आग्रह आपल्याकडे बहुतेक वेळा आत्याचाच असतो. तुमच्यात तसं झालं असेल, तर त्यांना त्या कागदाची भीती वाटत असेल. तू समजतेस की त्या चिमीच्या वाटच्या पैशांचा विचार करताहेत. मला वाटतं, त्या रात्री जागून स्वतःचा खटला चालवत असाव्यात. ओपीडीबाहेर अशा आज्या मी खूप पाहिल्यात. आत येत नाहीत, बाकावर बसून नातीच्या पायाला तेल चोळत राहतात.

रिपोर्ट दुसरंच काही सांगू शकतो, दोन्हीकडून आलेला आजारही निघू शकतो. तेव्हाही कागद एवढंच सांगेल की पुढच्या वेळी काय जपायचं. लग्न ठरलं त्या दिवशी हे कुणाला दिसत नव्हतं.

नवऱ्याचं म्हणणं मला तुझ्याइतकं चुकीचं वाटत नाही. मेहनतीने कमावलेल्या पैशांतून लेकीला व्यायाम मिळावा, असंच तो म्हणतोय. गडबड एवढीच की त्याने दोन्ही एकाच पाकिटातून काढायचं ठरवलंय. थेरपीचं पाकीट वेगळं करता येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, ज्याची पथकं अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात, तो 2013 साली आपल्या पालघरहून सुरू झाला. त्याखाली जिल्हा पातळीवर डीईआयसी, म्हणजे लहान मुलांसाठीचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. फिजिओ, वाचा उपचार, कान-डोळे तपासणी हे तिथे मोफत व्हावं अशी योजना आहे. तारखा लांबच्या मिळतात, थेरपिस्ट बदलतात, मला माहीत आहे. म्हणून महिन्यातून दोनदा तिथे जा, तिथे शिकवलेलं घरी रोज कर, आणि खाजगी थेरपिस्टकडे महिन्यातून एकदाच, चुकतंय कुठे ते बघायला. तीन वर्षांच्या मुलीला आठवड्यातून पाच दिवस रिक्षाने हिंडवून जे होतं, त्यापेक्षा आईच्या हाताखाली रोज अर्धा तास बरा.

मुंबईचं केईएम रुग्णालय हे राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातलं नेमलेलं केंद्र आहे. पुण्याच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन तिथे तपासणीबद्दल चौकशी कर. त्या धोरणात 50 लाखांपर्यंत मदत मिळते हे कुणीतरी तुला मोबाइलवर पाठवेलच. ती ठरावीक यादीतल्या आजारांच्या उपचारांसाठी आहे, तेव्हा आधी यादी विचार.

पैसे भरण्याआधी डॉक्टरांना काय विचारायचं ते लिहून ने. तपासणी फक्त या एका जनुकाची आहे की एक्सोम, म्हणजे हजारो जनुकांची? एक्सोममध्ये जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला असेल तर कधी सुटतो. तेव्हा एमएलपीए ही वेगळी चाचणी लागेल का? आम्हा दोघांचं रक्त आत्ताच घेणार की नंतर पुन्हा यायचं? आणि रिपोर्ट समजावून कोण सांगणार? हा शेवटचा प्रश्न विसरू नकोस. व्हॉट्सअॅपवर आलेली इंग्रजी पीडीएफ रात्री अकरा वाजता एकटीने उघडू नकोस.

रिपोर्ट कोराही येऊ शकतो, याची तयारी ठेव. अशा मुलांत एक्सोम करूनही निम्म्याहून जास्त वेळा ठाम उत्तर मिळत नाही, किंवा 'बदल दिसतो, अर्थ माहीत नाही' असं येतं. पैसे वाया गेले म्हणून घरात बोलणी बसतील. पण तपासणीत निघालेली जनुकांची मूळ माहिती, म्हणजे डेटा, प्रयोगशाळेकडून मागून ठेव. दोन-एक वर्षांनी पुन्हा तपासली की कधी कधी उत्तर निघतं, कारण तोवर नवी जनुकं ओळखलेली असतात.

पुण्याला जाताना आणखी एक ने : जुने व्हिडिओ. वाढदिवसाचा, कुणाच्या लग्नातला, जिथे चिमी बोटांनी काही उचलतेय, 'भू' म्हणतेय. तिला आधी येत होतं आणि मग गेलं, हेच निदानाचं मर्म आहे, आणि आईच्या तोंडी सांगण्यापेक्षा वीस सेकंदांचा व्हिडिओ डॉक्टरांना पटकन दिसतो. हल्ली कधी झटका आल्यासारखं वाटलं तर तेही चित्रित कर. घाबरून हलवू नकोस, कुशीवर वळव आणि नवऱ्याला मोबाइल धरायला सांग. पाच मिनिटांत थांबलं नाही तर थेट दवाखाना.

रिपोर्ट येवो न येवो, घरी आजपासून करण्यासारखं बरंच आहे. चिमीचे हात बंद आहेत, पण डोळे उघडे आहेत. रेटच्या मुली डोळ्यांनी बोलतात. तिच्यासमोर दोन वस्तू धर, एका बाजूला पाण्याचं भांडं, दुसऱ्या बाजूला केळं, आणि विचार. मग गप्प बस. दहा-पंधरा सेकंद, कधी त्याहूनही जास्त. या मुलींना उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि आपण तोवर तीनदा प्रश्न विचारून तिचा धागा तोडतो. ती जिकडे बघेल ते दे, चुकून बघितलं असं वाटलं तरी दे. तिचा एक हात हलकेच धरून ठेवलास तर दुसरा हात कधी वस्तूकडे जातो, तेही करून बघ. खाऊ घालताना मांडीवर आडवं घेऊ नकोस, पाठ सरळ आणि हनुवटी किंचित खाली. पातळ पाण्यापेक्षा नाचणीची घट्ट पेज बरी. तूप, शेंगदाण्याचं बारीक कूट सढळ हाताने घाल, कारण या मुली खाऊनही वाळतात. नाक दाबून औषध कधीही ओतायचं नाही; ते छातीत जातं. ताप आणि खोकला एकदम वाढला तर वाट बघू नकोस.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढ. 2016च्या कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय, बहुविकलांगता त्यात आहे. पाच वर्षांखाली प्रमाणपत्र तात्पुरतं मिळतं, पण मिळतं. त्यावर नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा विमा उतरवता येतो, त्यात थेरपीचा खर्चही येतो. एसटीला 75 टक्के सवलत. 'शिक्का बसेल' म्हणून नवरा टाळत असेल तर त्याला पुण्याच्या चार फेऱ्यांचं भाडं कागदावर मांडून दाखव.

देवाचं करायचं असेल तर कर, नवस फेड, फक्त झटक्यांची गोळी सुरू झाली तर ती कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नकोस. देवऋषीपेक्षा मला जास्त भीती वाटते ती स्टेम सेलवाल्यांची, मूळपेशी टोचून मूल बरं करतो म्हणणाऱ्यांची. चकचकीत इमारत, लाखांत पॅकेज, बऱ्या झालेल्या मुलांचे व्हिडिओ. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, रक्ताच्या वगैरे काही आजारांतलं मान्य प्रत्यारोपण सोडलं तर हे फक्त क्लिनिकल ट्रायलमध्ये करायचं असतं, आणि ट्रायलमध्ये पालकांकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी पैसे मागितले की उठून ये. ते 35,000 तिथे जाऊ नयेत म्हणून तरी तपासणी करावी, असं माझं वैयक्तिक मत.

दुसऱ्या मुलाचं. निदान ठरलं, ते रेट निघालं आणि तुझ्या रक्तात तो बदल नसला, तर पुन्हा तेच होण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. दोन्हीकडून आलेला आजार निघाला तर चारात एक. बघ केवढा फरक, आणि आज तुला यातलं कुठलं खरं ते माहीत नाही. चिमीच्या जनुकातला नेमका बदल हाती असेल तरच पुढच्या वेळी अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा कण घेऊन, किंवा सोळाव्यानंतर गर्भजल घेऊन तपासता येतं. 1994चा कायदा गर्भाचं लिंग सांगायला बंदी घालतो. आनुवंशिक आजारांच्या तपासणीला मान्यताप्राप्त केंद्रात परवानगी आहे. म्हणून माझं म्हणणं, रिपोर्टपर्यंत थांबा. त्याआधी दिवस गेलेच तर लपवू नकोस, त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांग.

आणि 'चिमीला पुढे सांभाळायला कुणीतरी हवं' हे कारण असेल तर मला ते पटत नाही. रेटच्या पुष्कळ जणी चाळिशी-पन्नाशीपर्यंत जगतात. एवढ्या लांबच्या नोकरीवर बाळाला जन्माआधीच लावू नये. तुम्हाला दोघांना मूल हवंय म्हणून होऊ दे.

रात्री तू किती झोपतेस हे पत्रात नाही. दात करकरण्याचा आवाज कसा असतो ते मला ठाऊक आहे, म्हणून विचारते. नवऱ्याची रात्रपाळी नसेल त्या आठवड्यात दोन रात्री चिमी त्याच्याजवळ झोपू दे. त्याला जमणार नाही असं तूच ठरवून टाकलं असशील, बहुतेक आया ठरवतात.

तू हट्ट करत नाहीस. पण तपासणीचं घरात सांगताना 'मला नाव हवंय' असं म्हणू नकोस. 'ईसीजी, कणा आणि पुढचं बाळ यासाठी हवंय' असं म्हण. आणि रिपोर्ट समजून घ्यायच्या दिवशी आत्याबाईंना सोबत ने. बाहेरच्या बाकावर ठेवू नकोस. 'यांच्यामुळे झालं का' हा प्रश्न त्यांच्यासमोर, त्यांच्या भाषेत, तूच डॉक्टरांना विचार. समुपदेशकाच्या टेबलासमोर बहुतेक दोनच खुर्च्या असतात. तिसरी मागून घे.